कुलूप, खुर्ची आणि गोजराचा फोन

गोजरा माने आणि माझं पटत नाही. आमच्या पारिजात सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. आज तिच्याविषयी लिहायला बसले म्हणून ते लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही. ९ जून २००४ रोजी ती सानपाड्याच्या आमच्या इमारतीत झाडलोट करायला आणि पाण्याचा पंप सांभाळायला आली. त्या दिवशीची माझ्या डायरीतली नोंद अशी आहे : "नवीन बाई. फार मोठ्याने बोलते. जिन्यात लसूण."

वीस वर्षांत या नोंदीतला एकही शब्द मला बदलावा लागला नाही.

ती खटाव तालुक्यातली. नवरा भैरू तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहायचा, आणि ही तिथेच गाळ्याबाहेर बसून लसूण निवडायची. एके दिवशी छातीत दुखतंय म्हणून भैरू गोणीवर टेकला, तो उठलाच नाही. त्याच्या टोळीतल्या माणसांनी रदबदली करून गोजराला आमच्याकडे लावून दिलं. पंपाच्या खोलीला लागून जिन्याखाली एक लहान खोली आहे, ती तिला राहायला मिळाली. तिथेच तिने आपली मुलगी उन्नती वाढवली आणि नावड्याला दिली. सोसायटीचं काम सकाळी उरकलं की ती मार्केटातून लसणाची पोती आणायची आणि हॉटेलांसाठी सोलून द्यायची. अजूनही देते. सोलायला खोलीत उजेड पुरत नाही म्हणून जिन्यात बसते, आणि लसणाची सालं वाऱ्याने तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दारापर्यंत येतात.

तिला अक्षरओळख नाही. घड्याळही तिला नीट कळत नाही. तरी पंपाची वेळ चुकली असं मी कधी पाहिलं नाही. गच्चीवरची टाकी भरली की नाही ते ती पाइपाला तळहात लावून ओळखते. पाणी चढत असताना पाइप बारीक थरथरतो, टाकी काठाला आली की ती थरथर जड होते, असं तिने एकदा कोणाला तरी ओरडून सांगितलं होतं. मला नव्हे. माझ्याशी ती सरळ बोलत नाही, माझ्या दारावरून जाताना भिंतीशी बोलते.

भिंतीशी बोलणं सुरू झालं ते २००७ पासून. तिने वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या गच्चीवर, माझ्या वाळत घातलेल्या चादरींशेजारी पसरल्या. दोन रात्री माझ्या यजमानांच्या डोळ्यांना झोप नाही. मी कमिटीची परवानगी घेतली आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे. तेव्हापासून ती झाडू आपटत जाते आणि म्हणते, "आभाळाला बी कुलूप घालतील बया, किल्ली कमरंला लावून."

मी लेखी उत्तर देणारी आहे. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या : तक्रार असेल तर ती कागदावर करावी, आणि कागदाची प्रत ठेवावी. २००४ ते २०२३ या काळात मी गोजराबद्दल चौदा तक्रारी दिल्या. लसणाची सालं, मिरच्या, पहाटेचा रेडिओ, माझ्या पायपुसण्यावरून फिरवलेला ओला झाडू. सगळ्यांच्या प्रती माझ्याकडे तारखेनिशी आहेत.

आता फोनाविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

२०१८ साली माझ्या डोळ्यांचा पडदा बिघडला. मधोमध धूसर डाग दिसतो, कडेचं तेवढं दिसतं. फोनावरची अक्षरं वाचणं बंद झालं. माझी भाची ईश्वरी खारघरला राहते. तिने यजमानांच्या जुन्या संगणकावर एक प्रोग्राम घालून दिला. केबलने फोन संगणकाला जोडला की फोनाचा पडदा जसाच्या तसा चोवीस इंची मॉनिटरवर उमटतो. माउसने तिथे क्लिक केलं की फोनाला वाटतं कोणी बोटच लावलं. फोनातले फोटो, कागदपत्रं ओढून संगणकातही घेता येतात. पहिल्यांदा जोडताना फोन विचारतो, या संगणकाला येऊ द्यायचं का. "कायम येऊ द्या" या चौकटीत मी खूण केली, आणि १२ सप्टेंबर २०१८ च्या पानावर तसं लिहून ठेवलं.

२०२० मध्ये टाळेबंदीत माणसं एकमेकांच्या दारात जाईनात. तेव्हा सोसायटीच्या कामासाठी एक फोन असावा असं ठरलं. मी नवा घेतला होता, म्हणून जुना सेक्रेटरी रावसाहेबांच्या हाती दिला. ईश्वरी म्हणाली होती, "मावशी, देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन सगळं एकदम पुसून टाक." एका बटणाने सगळं खरंच जातं यावर माझा विश्वास बसेना. मी माझं खातं काढलं आणि अकराशे चाळीस फोटो दोन दिवस बसून एकेक करून पुसले. त्यामुळे माझे फोटो गेले, पण फोनाच्या पोटात मी केलेली ती खूण तशीच राहिली. हे मला तेव्हा कळलं नाही.

रावसाहेबांनी फोन गोजराला देऊन टाकला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, पंपाचा निरोप तिलाच तर द्यायचा असतो." मी फोन सोसायटीला दिला होता, गोजराला दिला नव्हता. ही माझी दहावी तक्रार.

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४. सकाळी सव्वानऊला जिन्यातून पाणी वाहत खाली आलं. गच्चीवरची टाकी दोन तासांहून अधिक वेळ वाहत होती. पाणी लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत शिरलं आणि मोटर जळाली. पाचव्या मजल्यावर डायलिसिसचे एक पेशंट राहतात, त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं. गोजरा धावत वर येताना ओल्या पायरीवरून पडली आणि तिचा फोन पाण्यात गेला.

गुरुवारी नोटीस लागली. रविवारी सभा, विषय एकच : पंप ऑपरेटर गोजरा माने हिला कामावरून कमी करणे व खोली रिकामी करून घेणे. खाली रावसाहेबांची सही. मध्ये एक वाक्य होतं, ते मी भिंग लावून तीनदा वाचलं : "सदर कर्मचाऱ्याच्या पंपाच्या वेळांबाबतच्या बेजबाबदारपणाविषयी श्रीमती सुनयना वर्दे यांनी वेळोवेळी चौदा लेखी तक्रारी दिलेल्या आहेत."

पंपाविषयी मी एक ओळही लिहिलेली नव्हती.

त्याच दुपारी चार वाजता दाराची बेल वाजली. वीस वर्षांत गोजराने माझी बेल कधी वाजवली नव्हती. दार उघडलं तर ही उभी. एका हातात पितळी डबा, कपाळावर पडल्याची खोक.

"चौदा," ती म्हणाली. यावेळी भिंतीशी नाही, माझ्याशी. "चौदा डाव लिवलंत माज्यावर. मोजून."

"लिहिलंय. खरं तेच लिहिलंय."

"पंपाचं बी?"

"पंपाचं नाही."

"मग त्या कागदावर काय हाय? उन्नतीनं वाचून दाखवलं मला."

"ते रावसाहेबांचं लिहिणं आहे, माझं नव्हे."

"नाव तुमचं हाय. माजी खोली जाणार तुमच्या नावावर." तिने डबा पुढे केला. तांदळात खुपसलेला माझा जुना फोन. "ह्यात रावसाहेबाचा आवाज हाय. मंगळवारी सकाळी त्येनं सांगितलं, पंप बंद करू नको. आता म्हंतो, म्या सांगितलंच न्हाय. दुकानवाला म्हंतो फोन जित्ता हाय पन डोळं गेल्यात त्येचं, आतलं काय निघत न्हाय. तुमी त्या मोठ्या टीव्हीवर फोन बघता म्हनं. बघा काडून."

"मी का काढू?"

"तुमीच लिवलंय. तुमीच निस्तरा."

विनंती वगैरे काही नाही. चपला काढून ती सरळ आत आली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. खुर्ची दिली ती नको म्हणाली. लसणाचा वास घरभर पसरला.

मी तिच्यासाठी काही करायला तयार नव्हते, हे स्पष्ट लिहिते. पण माझ्या नावाखाली दुसऱ्याने वाक्य लिहावं, हे मला सहन होणारं नव्हतं. शिवाय रावसाहेबांची एक सवय मी जवळून पाहिलेली आहे. सभेचं इतिवृत्त ते लिहितात, त्यात पांढरी शाई लावून शब्द बदलतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही अडचणीचं बोलून गेले की तासाभरात पुसून टाकतात, अगदी सगळ्यांच्याच फोनांतून. तो पर्याय असतो, आणि तो त्यांना चांगला येतो.

म्हणून मी तिला आधी विचारलं, "सिमकार्ड कुठे आहे?"

तिने पदराची गाठ सोडली. आत सिम. "दुकानवाल्यानं काडून दिलं."

"मंगळवारपासून फोनात घातलं नाही ना?"

"न्हाय. फोन तांदळातच."

म्हणजे मंगळवारपासून फोन इंटरनेटला लागलेला नव्हता. रावसाहेबांनी निरोप पुसला असला, तरी पुसल्याची खबर या फोनाला अजून मिळालेली नव्हती. नेट लागलं की ती मिळणार. आणि हा फोन तर माझाच जुना. माझ्या घरचं वायफाय त्याला अजून पाठ असणार. मी उठून राउटरचा प्लग उपटला.

"दिवं घालवलं का?" तिने विचारलं.

"नेट घालवलं."

"कशापायी?"

मी समजावून सांगितलं तसं तिने डबा जवळ ओढला. मग म्हणाली, "म्हंजी त्यो त्याच्या घरात बसून माज्या डब्यातलं चोरनार व्हता."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं, पण तसं मी तिला म्हटलं नाही.

फोन सुरू केला. थरथरला, पडदा काळाच. केबल जोडली. मला खात्री अजिबात नव्हती. अनोळखी संगणकाला फोन आत घेण्याआधी पडद्यावर विचारतो, आणि पडदाच मेलेला. प्रोग्राम सुरू केला आणि वाट पाहिली. आठ-दहा सेकंद गेले. मग मॉनिटरवर एक उभा चौकोन उजळला, त्यात शेंदूर फासलेला कुठलासा दगडी देव. २०१८ ची खूण अजून शाबूत होती.

"भैरोबा," ती म्हणाली. "आमच्या गावचा."

तिने फोनाला कुलूप घातलेलं नव्हतं, म्हणून तिथे अडलं नाही. मी संपर्कांची यादी उघडली आणि थांबले. एकाही संपर्काला नाव नव्हतं. नुसते फोटो. गॅसचं सिलिंडर. लसणाची माळ. उन्नतीचा चेहरा. एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची. आणि एक पितळी कुलूप.

"हे काय?"

"मला वाचता येतं व्हय? ज्येचं त्येचं चित्तर लावलंय. उन्नतीनं दावलं, पुढचं म्या लावलं."

"खुर्ची कोण?"

"रावसाहेब. गेटाम्होरं खुर्ची टाकून बसतो की दिसभर."

"आणि कुलूप?"

तिने माझ्याकडे पाहिलं. आवाजात लाज नव्हती. "तुमी."

"माझा फोटो काढता आला असता."

"काढला व्हता. वळख पटंना. कुलूप घातल्यावर पटली."

मी खुर्चीवर क्लिक करून तिथून व्हॉट्सॲप उघडलं. ६ फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून दोन मिनिटं, चौदा सेकंदांचा आवाजी निरोप. तो वाजवला. पडदा मेला होता, पण फोनाचा आवाज ठणठणीत होता :

"गोजरा, आज पंप लवकर बंद करू नको हां. माझ्याकडे दहा वाजता टाकी साफ करणारा माणूस येतोय, त्याला वरून पाणी भरपूर लागेल. मी घरीच आहे, मी सांगेन तेव्हा बंद कर. माझ्या शब्दाबाहेर जाऊ नको."

गोजराने दोन्ही गुडघे जवळ घेतले. "पाइप सांगत व्हता भरली म्हनून. हात लावून बसले व्हते. सात वाजता त्याच्या दारात गेले, कुलूप. फोन लावला, उचलंना. पनवेलला गेल्ता म्हनं मेव्हण्याकडं. म्या काय करायचं? पाइपाचं ऐकायचं का सायबाचं?"

"पाइपाचं ऐकायला हवं होतं."

"हां. मग 'शब्दाबाहेर गेली' म्हनून काडली असती." ती उठली. "तुमाला काय, तुमाला कुनी काडत न्हाय."

मी माउस हातात घेतला. निरोपाची फाइल फोनातून ओढून संगणकात घेतली, तिथून पेनड्राइव्हवर. मॉनिटरवरच्या संभाषणाचं चित्रही घेतलं. डायरीत वेळ लिहिली. मग फोन बंद करून तिच्या डब्यात घालायला गेले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हितंच. माज्या खोलीला कडी धड न्हाय. तुमच्याकडं कुलपं लई."

रविवारपर्यंत मी राउटर बंदच ठेवला. नेट बंद आहे असं ईश्वरीला घरच्या टेलिफोनवरून कळवलं.

११ फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता खाली पार्किंगमध्ये सभा भरली. एकवीस सभासद. चेअरमन आशुतोष हा तरुण मुलगा आहे, खारघरच्या कॉलेजात शिकवतो. त्याला भांडण झेपत नाही. रावसाहेबांनी त्यांच्या त्याच पांढऱ्या खुर्चीत बसून नोटीस वाचली. गोजरा मीटरच्या पेट्यांपाशी उभी. तिला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

मी उठून म्हटलं, "नोटिशीत माझं नाव आहे. माझ्या चौदा तक्रारींच्या प्रती मी आणल्या आहेत. यात पंपाची तक्रार कुठे आहे, ती रावसाहेबांनी काढून दाखवावी."

रावसाहेब हसले. "वहिनी, वीस वर्षं तुम्ही तिच्या नावाने ओरडताय. आज आम्ही ऐकलं, तर आज तुम्हाला पुळका?"

लोक हसले.

"पुळका नाही. मला ती आवडत नाही. पण पंपाचं मी लिहिलेलं नाही."

मीटरच्या पेट्यांपाशी कोणीतरी नाक फुरफुरवलं. गोजराच असणार.

मी पेनड्राइव्ह आशुतोषच्या हातात दिला. त्याने तो गणपतीतल्या मोठ्या स्पीकरला लावला. "माझ्या शब्दाबाहेर जाऊ नको" हे शब्द पार्किंगच्या खांबाखांबांवर आपटले.

रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला. "हा आवाज माझा नाही."

"रावसाहेब!" आशुतोष म्हणाला.

"अरे, आजकाल कॉम्प्युटरवर कोणाचाही आवाज तयार करतात. टीव्हीवर रोज दाखवतात. मंत्र्यांचे करतात, माझा करायला काय लागतं? आणि कॉम्प्युटर कोणाच्या घरी आहे? गुरुवारी दुपारी ही बाई कोणाच्या घरात दीड तास बसली होती? कॅमेऱ्यात दिसतंय." ते माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमचं शिक्षण मोठं. पण या वयात हे शोभत नाही."

आता लोकांचा सूर बदलला. दुसऱ्या मजल्यावरचे दिलीपराव म्हणाले, "तेही खरं आहे. फाइलचं काय, कुठलीही असू शकते." मी चाळीस वर्षं ज्या कागदांच्या प्रती ठेवत आले, त्या प्रतीवर आज कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

गोजरा पुढे आली. "मग फोनच बघा की!" ती ओरडली. "ह्यांनी कपाटात ठेवलाय. चला वर. समद्यांनी चला. ही बाई मला पानी बी पाजायची न्हाय, माज्यासाठी खोटं करंल व्हय? कुनाला तरी वाटतंय का?"

कोणालाच वाटलं नसावं. आशुतोष उठला.

लिफ्ट बंद, म्हणून सगळे जिन्याने वर. माझ्या बाहेरच्या खोलीत अकरा माणसं मावली, बाकीची दारात. रावसाहेब सोफ्याच्या कडेला. मी सगळ्यांसमोर कपाटाचं कुलूप काढलं, फोन सुरू केला, केबल जोडली. भैरोबा उमटला. मग फोटो : सिलिंडर, लसूण, खुर्ची, कुलूप.

"खुर्ची म्हंजी कोन, सांगू का?" गोजराने विचारलं. दारातल्या बायका हसल्या. रावसाहेब हसले नाहीत.

मी खुर्चीवरून व्हॉट्सॲप उघडलं. वर रावसाहेबांचा नंबर, शेजारी त्यांनी स्वतः ठेवलेला सफारीतला फोटो, खाली सहा वाजून दोन मिनिटांचा निरोप. आशुतोषने नंबर आपल्या फोनातल्या नंबराशी ताडून पाहिला. तोच.

"तरी पण," दिलीपराव म्हणाले, "रावसाहेबांच्या फोनात पण असायला हवा ना हा निरोप? रावसाहेब, तुमचा फोन दाखवा."

"माझ्या फोनात असं काही नाही." त्यांनी फोन लगेच पुढे केला. खरंच नव्हता. मंगळवारची पाटी कोरी. "बघा! पाठवलाच नाही तर कुठून असेल?"

मला हेच हवं होतं. मी उठले आणि राउटरचा प्लग हातात घेतला.

"मंगळवारपासून हा फोन नेटला लागलेला नाही," मी म्हटलं. "आता लावते. निरोप खोटा असेल, तर तो आहे तिथेच राहील, कारण त्याला पुसणारं कोणी नाही. सगळ्यांनी पडद्याकडे बघा."

"कशाला, वहिनी?" रावसाहेब एकदम उभे राहिले. "राहू द्या ना! नेट कशाला लावताय?"

आशुतोष त्यांच्याकडे बघत राहिला.

"काका, नेट लावलं तर तुम्हाला काय अडचण आहे?"

मी प्लग लावला. राउटरचे दिवे एकेक करून लागायला दोन मिनिटं गेली. मॉनिटरवर कोपऱ्यात वायफायची खूण आली. आणि अकरा माणसांच्या देखत तो चौदा सेकंदांचा निरोप तिथून नाहीसा झाला. त्या जागी, पाठवणाऱ्याने हा संदेश हटवला आहे, अशी राखाडी ओळ उमटली.

"गेलं," गोजरा हळू म्हणाली. मग मोठ्याने, "चोरलं! बघितलं का समद्यांनी? माज्या डब्यातलं चोरलं!"

दिलीपरावांनी ती ओळ दोनदा वाचून काढली आणि रावसाहेबांना विचारलं, "न पाठवलेला निरोप पुसलात कसा हो?"

सभा पुन्हा पार्किंगमध्ये भरली नाही. माझ्या बाहेरच्या खोलीतच आशुतोषने ठराव सांगितला : गोजरा माने कामावर राहील, खोली तिच्याकडे राहील, नोटीस रद्द. रावसाहेब म्हणाले, ठीक आहे, बोललो असेन, पण टाकी वाहतेय हे तिला दिसायला नको होतं का? तिने डोकं वापरायला नको होतं? ठरावाला त्यांनी हात वर केला नाही. सेक्रेटरीपदावर ते अजून आहेत, कारण दुसरं कोणी तयार नाही. फक्त इतिवृत्त आता आशुतोष लिहितो, निळ्या शाईने.

सगळे गेले तरी गोजरा दारातच थांबली. मी फोन तिच्या डब्यात घातला. आभार मानेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तिने मानले नाहीत.

"आता ते चौदा कागद फाडा," ती म्हणाली.

"का?"

"त्या कागदांनीच माजी खोली जात व्हती."

"कागदांनी नाही. रावसाहेबांनी."

"कागद नसतं तर त्येला काय सापडलं असतं?"

यावर मी थोडा विचार केला. मग फाइल काढली आणि तिच्यासमोर एकेक तक्रार वाचली. लसणाची सालं, पाच वेळा : खरी. मिरच्या : खरी. ओला झाडू : खरी. "व्हय," ती प्रत्येकाला म्हणत होती, "व्हय, मुद्दामच फिरवला व्हता." दहावी, फोनाची. फोन मी सोसायटीला दिला होता आणि सोसायटीच्या कामासाठीच तिने तो वापरला. ती मी बाजूला काढली. तेरावी, पहाटेच्या रेडिओची. त्या महिन्याचं पान पाहिलं तेव्हा लक्षात आलं की रेडिओ दुसऱ्या मजल्यावरचा होता. तीही काढली. बारा परत फाइलीत ठेवल्या.

"दोनच?"

"दोन चुकीच्या होत्या. त्या मागे घेतल्याचं मी उद्या लेखी देईन."

"म्हंजी दोन डाव तुमी बी खोटं लिवलंत."

"चुकीचं लिहिलं."

"वीस वरसांत दोन डाव," ती म्हणाली. हे तिने समाधानाने म्हटलं, आणि ते आता ती आयुष्यभर बोलून दाखवणार हे मला तेव्हाच कळलं. डबा काखेत मारून ती जिना उतरली. तिथल्या भिंतीला तिचा आवाज ऐकू आला, "दोन डाव खोटं! कान्व्हेंटात शिकून!"

१२ फेब्रुवारी, सोमवार. पंप सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू, सहा पंचावन्नला बंद. दहावी आणि तेरावी तक्रार मागे घेतल्याचं पत्र कमिटीला दिलं, प्रत ठेवली. दुपारी दारात लसणाची सालं. पंधरावी तक्रार दिली.